पंचेचाळीस अंशांत, दक्षिणाभिमुख

मराठी समीक्षेत वापरून वापरून गुळगुळीत झालेले जे शब्दप्रयोग आहेत, त्यांत ‘काळाच्या कसोटीवर उतरणे’ याला बराच वरचा क्रमांक द्यावा लागेल. उत्तरपत्रिकांत तो असतो, प्रस्तावनांत असतो, गौरवग्रंथांत तर हमखास असतो. गंमत अशी की कसोटी म्हणजे सोनाराकडचा काळा दगड. त्यावर सोने घासायचे, उमटलेल्या रेघेचा कस पाहायचा आणि निवाडा करायचा. सारे काही क्षणांत. पारख करताना काळ दवडावा लागू नये म्हणून तर कसोटी असते. तिच्या गळ्यात काळाचे लोढणे कोणी आणि कधी बांधले हे भाषेच्या अभ्यासकांनी शोधावे. मला इथे एवढेच विचारायचे आहे की काळ खरोखर परीक्षा घेतो का, आणि घेत असेल तर ती कशी.

हा प्रश्न मला साहित्यातून पडलेला नाही. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मराठीचा पेपर घेतलेली आणि रसायनशास्त्राच्या वहीत मागच्या पानांवर कविता लिहिणारी माझी एक विद्यार्थिनी आज रंगांच्या टिकाऊपणाची तपासणी करणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. तिने एकदा मला तिथली गच्ची दाखवली. गच्चीवर लोखंडी घोड्यांच्या रांगा होत्या आणि त्यांवर वहीच्या पानाएवढे रंगवलेले पत्रे बसवलेले. सगळे दक्षिणेकडे तोंड करून, जमिनीशी पंचेचाळीस अंशांचा कोन साधून. प्रत्येकाच्या पाठीवर क्रमांक आणि तारीख. शाळेच्या प्रार्थनेला मुले उभी करावीत तसे ते शेकडो पत्रे सूर्याकडे पाहत होते. “पावसाळ्यात हे आत नेता का?” असे मी विचारले. ती म्हणाली, “मग परीक्षा कसली, सर?”

नंतर तिने एक कपाट उघडले. बाहेरच्या प्रत्येक पत्र्याचा एक जुळा भाऊ त्यात अंधारात ठेवलेला होता. त्याच डब्यातला रंग, त्याच दिवशी, त्याच हाताने दिलेला. तिच्या भाषेत तो ‘कंट्रोल’. मी मनात त्याला ‘साक्षीदार’ म्हणालो. बाहेरचा पत्रा किती फिका झाला हे केवळ त्याच्याकडे पाहून सांगता येत नाही, कारण डोळ्याला मूळ रंग आठवत नाही. साक्षीदार शेजारी धरला की मगच कळते. काय टिकले आणि काय उडाले हे सांगण्यासाठी न टिकवलेले, म्हणजे परीक्षेलाच न बसवलेले असे काहीतरी हाताशी असावे लागते, ही गोष्ट मला तिथे उभ्या उभ्या फार महत्त्वाची वाटली. तिच्याकडे पुढे वळू.

उघड्यावरच्या या चाचण्यांसाठी जगभरच्या उद्योगांनी दोन प्रदेश प्रमाण मानले आहेत. एक दक्षिण फ्लोरिडा, दुसरा ॲरिझोनाचे वाळवंट. मायामीच्या परिसरात १९३१ सालापासून हे काम पद्धतशीरपणे चालत आले आहे. फ्लोरिडात ऊन, उष्मा आणि ओल एकत्र नांदतात. ॲरिझोनात ऊन त्याहून कडक, हवा कोरडी, आणि दिवसरात्रीच्या तापमानात मोठी तफावत. मोटारीचा रंग, खिडकीची चौकट, छपराचे आच्छादन, कापड, प्लास्टिक, सारे तिथे उन्हात मांडून ठेवतात. कोनही ठरलेले असतात. मोटारीच्या रंगाचे पत्रे पुष्कळदा अवघ्या पाच अंशांत, जवळजवळ आडवे ठेवतात, म्हणजे पाणी त्यांवर रेंगाळते. घरातल्या कापडाची परीक्षा काचेआड होते, कारण ते आयुष्यभर खिडकीच्या काचेतून आलेलेच ऊन सोसणार असते. कोणती वस्तू कुठे जगणार आहे हे आधी ठरते, आणि परीक्षा त्यानुसार.

आणि काळ? तो मोजतात, पण त्यावर भागत नाही. ‘दोन वर्षे ठेवले’ या विधानाला तिथे फारशी किंमत नसते, कारण एका वर्षाचे ऊन दुसऱ्या वर्षासारखे नसते. म्हणून पत्र्यावर अतिनील किरणांची किती ऊर्जा पडली हे मेगाज्यूलमध्ये मोजून नोंदवतात. जमिनीपर्यंत पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत या किरणांचा वाटा जेमतेम पाचसहा टक्के, पण रंगाची आणि प्लास्टिकची रासायनिक बंधने तोडण्याचे बरेचसे काम तेच करतात. उरलेले काम उष्णता आणि पाणी वाटून घेतात. पाणी म्हणजे पाऊस असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात फ्लोरिडातल्या पत्र्यांना भिजवण्यात दवाचा हात मोठा असतो. रात्री मोकळ्या आकाशाखाली पत्रा आपली उष्णता गमावून हवेपेक्षाही थंड होतो आणि त्यावर दव धरते. पाऊस येतो, धुऊन काढतो, निघून जातो. दव मात्र तासन्‌तास बसून राहते आणि आपल्यात विरघळलेला प्राणवायू घेऊन हळूहळू आत शिरते. म्हणजे काळ स्वतः काहीच करत नाही. करतात ते ऊन, ओल, ऊब आणि मीठ. काळ ही फक्त त्यांची हजेरीवही.

मीठ म्हटले की मला वेंगुर्ल्यात यावेच लागते, कारण माझे वडील, दादा, तिथे बोर्ड रंगवायचे. गावात त्यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक होते. सगळे ‘पेंटर’ म्हणत. लाकडी चौकटीवर ठोकलेला पत्रा, त्यावर रेड ऑक्साइडचा हात, मग ऑइल पेंटची जमीन, मग अक्षरे आणि शेवटी अक्षरांची सावली. ही सगळी विद्या त्यांनी कुठल्या शाळेत घेतलेली नव्हती, पण उघड्यावरच्या चाचण्यांचे जे शास्त्र मी वर सांगितले त्यातले बरेचसे त्यांच्या बोटांत होते. बंदराकडच्या दुकानाचा बोर्ड आणि बाजारपेठेतला बोर्ड यांसाठी ते वेगळे दर सांगत आणि गिऱ्हाईक कुरकुरले की म्हणत, “वाऱ्याचा भाडा कोण भरतलो?” अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या क्युअर बीच येथे १९३५पासून धातूंच्या गंजण्याच्या चाचण्या होत आल्या. तिथे समुद्रापासून सुमारे २५ मीटर आणि २५० मीटर अशी दोन आवारे मुद्दाम वेगळी ठेवलेली होती, कारण तेवढ्या अंतराने पोलादाच्या गंजण्याचा वेग कितीतरी पटींनी बदलतो. बंदर आणि बाजारपेठ यांतला फरक तो हाच. आपल्याकडे कारैकुडीच्या केंद्रीय विद्युतरासायनिक संशोधन संस्थेने अशा चाचण्यांसाठी मंडपमची जागा निवडली. एका बाजूला पाल्कची सामुद्रधुनी, दुसऱ्या बाजूला मन्नारचे आखात, आणि मध्ये खाऱ्या वाऱ्याला अडवणारे काही नाही. तिथूनच पुढे समुद्रात शिरणारा, १९१४ साली खुला झालेला पांबनचा रेल्वेपूल त्या वाऱ्याशी शतकभर झुंजला. २०२२च्या अखेरीस त्यावरची वाहतूक थांबली आणि एप्रिल २०२५मध्ये शेजारी नवा पूल सुरू झाला.

दादांची दुसरी विद्या रंगांची. पश्चिमेकडे तोंड असलेल्या बोर्डावर ते लाल अक्षरे लिहायला नाखूश असत. स्वस्त लाल रंग उन्हात गुलाबी होतो आणि मग दिसेनासा होतो, निळा आणि काळा मात्र राहतात, हे त्यांनी पाहिलेले होते. उन्हात राहिलेली सिनेमाची पोस्टरे काही दिवसांनी निळसर का दिसतात याचे कारण तेच; त्यांतली किरमिजी आणि पिवळी शाई आधी उडते. लाल हवाच असेल तर दादा हुरमुजी सुचवत. गिऱ्हाइकाला तो मळकट वाटे. पण हुरमुजी म्हणजे लोहाचे ऑक्साइड, एका परीने गंजच. आणि जे गंजून चुकले आहे त्याला ऊन-वारा आणखी काय गंजवणार? काळ्याचेही तसेच. आपल्या पोथ्यांची शाई काजळाची. काजळ हा जळून उरलेला कार्बन. म्हणून पोथीचा कागद पिवळा पडून तुकडे होऊ लागतो तरी अक्षर काळे ते काळेच राहते. हे रसायनशास्त्र दादांना माहीत नव्हते आणि मलाही त्या गच्चीवर जाईपर्यंत नव्हते.

जुना बोर्ड पुन्हा रंगवायला आला की दादा आधी त्यावरून अंगठा फिरवत आणि अंगठ्याला लागलेली पांढरी भुकटी उजेडात धरून पाहत. किती भुकटी आली यावरून बोर्ड नुसता घासायचा की पत्र्यापर्यंत खरवडायचा हे ठरे. प्रयोगशाळेत माझ्या विद्यार्थिनीने एका पत्र्यावर चिकटपट्टी दाबली, उचलली आणि काळ्या कागदावर लावून तिच्यावरची भुकटी ठरलेल्या चित्रांशी ताडून पाहिली. मी हसलो, तेव्हा तिला कारण कळले नाही. पांढऱ्या रंगातले टायटॅनियमचे ऑक्साइड उन्हात स्वतःभोवतीचा राळेचा थर खात जाते आणि सुटे होऊन भुकटीसारखे वर येते. गंमत म्हणजे घरांच्या बाहेरच्या काही पांढऱ्या रंगांत हे मुद्दाम घडू देत. वरचा थर जरा जरा झडत राहिला की मळही त्याबरोबर जातो आणि भिंत पांढरी दिसत राहते.

अशा परीक्षांच्या इतिहासात रंगाच्या डब्याचे राजकारणही आहे, ते ओझरते सांगतो. नॉर्थ डकोटातील कृषी महाविद्यालयाचे रसायनशास्त्रज्ञ एडविन लॅड यांनी भेसळीच्या रंगांविरुद्ध मोहीम उघडली. डब्यात काय आहे हे डब्यावर छापावे असा कायदा त्या राज्याने १९०५ साली केला, उत्पादक न्यायालयात गेले, आणि १९०७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. त्याच सुमारास लॅड यांनी फार्गो येथे लाकडी कुंपणे उभारून ती निरनिराळ्या रंगांनी रंगवली आणि ऊन-हिमाला साक्षीला बोलावले. जाहिरातीला उत्तर म्हणून कुंपण उभे करणारा हा प्राध्यापक मला फार आवडतो.

आता ज्यासाठी हे सगळे सांगितले तिकडे येतो. काही वर्षांपूर्वी अभ्यासक्रम बदलण्याच्या एका बैठकीला मी होतो. एका लेखिकेचा १९७०च्या दशकातला कथासंग्रह वैकल्पिक यादीतून वगळण्याचा प्रस्ताव होता. कारण? ‘काळाच्या कसोटीवर उतरत नाही.’ प्रस्ताव मांडणारे गृहस्थ विद्वान होते, मनाने चांगले होते. मी आमच्या ग्रंथालयातली प्रत सोबत नेली होती. पहिली आवृत्ती, पुढची निघालीच नाही. आतल्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का १९९४चा. पाने कडेने पिवळसर झालेली, पण शिवण घट्ट, कोपरे अणकुचीदार, कुठे पेन्सिलीची खूण नाही. ज्या पुस्तकाला तीस वर्षे उजेडच मिळाला नाही ते उन्हात टिकले नाही असे आपण कोणत्या पुराव्यावर म्हणतो, असे मी विचारले. हा नापास झालेला पत्रा नाही, हा कपाटातला साक्षीदार आहे, असेही म्हणालो. अर्थात ते कुणाला कळण्याचे कारण नव्हते. थोडे हसू झाले, चहा आला, प्रस्ताव मंजूर झाला. माझे म्हणणे तो संग्रह श्रेष्ठ आहे असे नव्हते. त्यातल्या दोन कथा मला उत्तम वाटतात, बाकीच्या सामान्य. माझे म्हणणे एवढेच होते की परीक्षेचा निकाल वाचून दाखवण्यापूर्वी परीक्षा झाली का ते पाहावे.

उलट बाजूही आहे. उन्हात वाट पाहायला वेळ नसतो म्हणून प्रयोगशाळांत झेनॉनच्या दिव्याखाली किंवा अतिनील नळ्यांखाली, मधून मधून पाण्याचे फवारे मारत, पत्रे ‘लवकर म्हातारे’ करतात. उपयोगाची पद्धत आहे. पण त्या दिव्याखालचे इतके तास म्हणजे बाहेरचे एक वर्ष, असा सर्व वस्तूंना लागू होणारा गुणक आजवर कोणाला देता आलेला नाही. सूर्यप्रकाशात नसलेल्या आखूड लहरी दिव्यात असतील तर बाहेर कधीच घडणार नाहीत अशा प्रक्रिया आत घडतात, आणि दिव्याखाली पहिला आलेला रंग उन्हात मागे पडतो. पुरस्कार, परिसंवाद, अभ्यासक्रमात नेमणूक, वर्षभरात चार आवृत्त्या, हे आपल्याकडचे दिवे. त्यांखाली लखलखलेली पुस्तके दहा वर्षांनी कुठे दिसतात हे या पानांच्या वाचकांना मी सांगायला नको.

आणि जागा. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षे न गंजता उभा आहे म्हणून आपण अभिमानाने बोलतो. त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर धरतो, हे कानपूरच्या आयआयटीतील आर. बालसुब्रमण्यम यांनी विस्ताराने दाखवले. पण दिल्लीची बरीचशी कोरडी हवाही त्यात भागीदार आहे. कोणार्कच्या मंदिरातल्या तेराव्या शतकातल्या लोखंडी तुळया वयाने कितीतरी लहान, पण समुद्राकाठच्या, त्या गंजल्या. स्तंभ कोणार्कला आणि तुळया दिल्लीला असत्या तर आपण कशाचे पोवाडे गायले असते?

आपल्या वाङ्मयात याला समांतर अशी एक जोडी आहे, आणि एम.ए.च्या वर्गात मी ती आता या अंगाने शिकवतो. ज्ञानेश्वरी उन्हात होती. लोक ती वाचत, पाठ करत, नकला करत आणि कळत नकळत बदलत. शके १५०६, म्हणजे इ.स. १५८४ साली, एकनाथांना प्रती ताडून तिचे शुद्ध रूप सिद्ध करावे लागले, इतके पाठ तिच्यात शिरले होते. तीनशे वर्षांच्या वापराने जी झीज आणि जी भर झाली होती ती त्यांनी खरवडून काढली. लीळाचरित्र तिच्याच शतकातले, पण महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपींत झाकून ठेवले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिपींची उकल होईपर्यंत बाहेरच्यांना ते वाचता येत नव्हते. तेराव्या शतकातल्या बोलत्या मराठीचा नमुना हवा असेल तर आपण तिकडे जातो. हा आपला कपाटातला साक्षीदार. (अगदी निखळ नव्हे. तिथेही पाठभेद आहेत, आणि मूळ प्रत हरवून ग्रंथ पुन्हा जुळवल्याची परंपरा आहे.) यांतले काळाच्या कसोटीवर कोण उतरले, हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारला की वर्गात शांतता पसरते. ज्ञानेश्वरी टिकली ती बदलत, दुरुस्त होत. लीळाचरित्र टिकले ते परीक्षेला न बसल्यामुळे. दोन्हींसाठी आपण ‘टिकणे’ हे एकच क्रियापद वापरतो.

सगळ्याच परीक्षांना घाई नसते. वॉशिंग्टनमध्ये १८८०च्या जनगणनेच्या निमित्ताने इमारतींच्या दगडांचे नमुने गोळा केले गेले. १८७६च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनातले परदेशी दगड त्यांत मिसळले आणि हा संग्रह कितीतरी वर्षे स्मिथसोनियनच्या संग्रहालयात छपराखाली बसून राहिला. याचे काही करता येईल का, हे ठरवायला १९४२ साली समिती नेमली गेली. १९४८ साली त्या दगडांची एक भिंत बांधली: २,३५२ नमुने, त्यांपैकी २,०३२ अमेरिकेच्या ४७ राज्यांतले आणि ३२० इतर १६ देशांतले. १९७७ साली ती भिंत न मोडता, सबंध उचलून मेरीलँडमधल्या गेदर्सबर्गला नेली. भिंतीने कशालाही आधार दिलेला नाही, तिच्यामागे घर नाही. ती फक्त झिजण्यासाठी बांधलेली आहे. साठ-सत्तर वर्षे आत बसलेल्या दगडांना कोणीतरी बाहेर आणून उन्हात उभे केले, या गोष्टीने मला त्या बैठकीतल्या कथासंग्रहाची आठवण होते.

दादा जाऊन आता नऊ वर्षे झाली. २००० नंतर फ्लेक्स आले आणि पाचसहा वर्षांत त्यांचे काम संपले. त्यांनी रंगवलेला एकही बोर्ड आज वेंगुर्ल्यात नाही. मी बाजारपेठ, बंदर, दाभोलीचा रस्ता सगळे फिरून पाहिले आहे. राहिला तो एकच, आमच्या माळ्यावर, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. ‘श्री रवळनाथ स्टोअर्स, किराणा व भुसार माल’. १९८३ साली ज्याने तो सांगितला तो माणूस दुकान न उघडताच मुंबईला गेला, पैसेही राहिले. पिवळी जमीन, लाल अक्षरे, काळी सावली. रंग कालच दिल्यासारखा. गणपतीत भावाने तो खाली काढला आणि घरात वाद सुरू झाला. भावाला तो काचेच्या चौकटीत बसवून आतल्या खोलीत लावायचा आहे. दादांच्या हातचे एवढेच उरले आहे, हे त्याचे म्हणणे खोटे कोण म्हणेल? आई मात्र अंगणात, पश्चिमेच्या भिंतीवर, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असा लावा म्हणते. मी म्हटले, लाल अक्षरे दोन पावसाळेसुद्धा धरणार नाहीत. तिने मला दादांनी गिऱ्हाइकाकडे पाहावे तसे पाहिले. “बोर्ड तो. लावूक केललो.”

मी विद्यार्थिनीला फोन केला. ती म्हणाली, अगदी सोपे आहे सर, बाहेर लावा, पण खालच्या अर्ध्या भागावर ॲल्युमिनियमचा पत्रा घट्ट बसवून झाका; वरचा भाग ऊन खाईल, खालचा साक्षीदार राहील, दर सहा महिन्यांनी पत्रा काढून फोटो घ्या आणि मला पाठवा. मला ते फारच पटले. आईला समजावून सांगितले. ‘श्री रवळनाथ स्टोअर्स’ दिसेल, ‘किराणा व भुसार माल’ झाकलेले राहील. तिने सगळे ऐकून घेतले आणि तांदूळ निवडता निवडता विचारले, “अर्धो बोर्ड कोण वाचतलो?”